रात्रीचा बर्फ

माझ्या मुलीला घाम येत नाही. हे सांगितलं की बायका हमखास म्हणतात, "किती बरं! आम्ही बघा, नुसत्या निथळतोय." पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत. "मग देता का तिला थोडा?" असं तोंडावर विचारते. समोरचीचं तोंड एवढंसं होतं. होऊ दे. ज्यांच्या अंगावरून घाम फुकट वाहतो त्यांना त्याची किंमत कळायची नाही, आणि मला ती रोज सकाळी कळते.

ती तान्ही असताना होळी झाली की तापायची. रक्त तपासलं, लघवी तपासली, औषधं झाली, दृष्ट काढून झाली. सासऱ्यांनी गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. जून लागला की पोर आपोआप बरी, आणि जो तो आपल्या उपायाला श्रेय देऊन मोकळा. शेवटी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा तळहात भिंगाखाली धरला आणि एकेक बोट फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, हिच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. बाहेर गरम झालं की हीपण तेवढीच गरम होणार, आणि थांबणार नाही. औषध? औषध नाही. थंड ठेवा.

थंड ठेवा. मासळीवालीला सांगावं तसं सांगितलं. पण त्या चुकल्या नव्हत्या. आमच्या घरात त्या दिवसापासून दुसरा धर्म उरला नाही.

घर आमचं घाटकोपरला, डोंगराच्या बाजूला. झोपडपट्टी उठवून तिथे इमारती उभ्या केल्या, त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर. दोन विंग पाठीला पाठ लावून बांधल्यात. मधे फट आहे, तिला सगळे डक्ट म्हणतात. सांडपाण्याचे पाईप, उंदीर, खाली पडलेले कपड्यांचे चिमटे, असं सगळं त्यात. आमच्या आतल्या खोलीची खिडकी त्या डक्टमध्ये उघडते. समोरच्यांची तुळस हात लांब केला तर खुडता येईल. आभाळ बघायचं तर मान पूर्ण मागे टाकावी लागते, तेव्हा एक पट्टी दिसते.

आम्ही एसी घेतला. सुरुवातीला वाटलं, सुटलो. पण मुंबईत लाईट जात नाही असं म्हणणारे वेगळ्या मुंबईत राहतात. आमच्या विंगची केबल इमारत बांधली तेव्हाचीच, आणि घराघरात यंत्रं वाढलेली. मे महिन्याच्या दुपारी ती केबल जीव सोडायची. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही चालत. अशाच एका दुपारी तापलेल्या पोरीला खांद्यावर टाकून मी बाजारात धावले होते. तिथल्या कोळणीने मला काही विचारलं नाही. पापलेटं बाजूला सारली, बर्फाचं ढेकूळ फडक्यात बांधलं आणि पोरीच्या मानेला लावलं. "बस गं इथंच," म्हणाली. मच्छीच्या वासात आम्ही दोघी लाईट येईपर्यंत बसून होतो.

संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. तो अंधेरीला एका काचेच्या मोठ्या ऑफिस बिल्डिंगमध्ये एसी प्लांट सांभाळतो. तिथे तळघरात खोलीएवढ्या टाक्या आहेत. रात्री लोक घरी गेले की मशीनं त्या टाक्यांमध्ये बर्फ करून ठेवतात, आणि दिवसा तो बर्फ वितळवून सगळी इमारत गार करतात. दुपारी मोठी मशीनं गप्प असतात, फक्त पाणी फिरवणारे पंप चालतात.

"पंप तर इन्व्हर्टरवर चालेल," तो म्हणाला. हात ताटात तसाच.

मग कितीतरी रविवार त्याच्या खटपटीत गेले. मढहून एका ओळखीच्या नाखव्याकडून बोटीवरची जुनी मासळीची पेटी आणली, जाड भिंतीची, आत बर्फ दिवसेंदिवस टिकतो तसली. त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलं. भंगारात निघालेल्या डीप फ्रीझरचं मशीन दुरुस्त करून डक्टच्या बाजूला खिडकीबाहेर टांगलं. पेटी पाण्याने भरली. रात्री मशीन चालायचं, वेटोळ्याभोवती बर्फ धरायचा. दिवसा एक छोटा पंप ते गार पाणी खोलीतल्या नळ्यांच्या जाळीतून फिरवायचा आणि मागून पंखा. वास कितीतरी महिने बोंबलाचा. सासरे म्हणायचे, "घरात इल्यासारखा वाटता." सिंधुदुर्गाचा माणूस, त्यांना तो वास म्हणजे अत्तर.

पहिल्या उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली, विंगमध्ये आरडाओरडा झाला, आणि आमच्या आतल्या खोलीत पोर पाय हलवत चित्र काढत बसली होती. मी दाराला टेकून रडले. नवरा म्हणाला, "अगं, यात रडण्यासारखं काय आहे? साधं गणित आहे." गणित त्याने मला तेव्हाच समजावलं. मला ते नको होतं, पण तो ऐकवल्याशिवाय राहत नाही. मशीन थंडी तयार करत नाही म्हणे, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. बाहेर गार असेल तर ती पटकन टाकली जाते. बर्फ करायचा तर मशीनला नुसत्या एसीपेक्षा जास्त खोल, शून्याच्याही खाली जावं लागतं, जास्त दमावं लागतं.

"मग आपण तोट्यातच ना?" मी विचारलं.

"नाही. रात्र गार असते ना. तिथे सगळं भरून निघतं. ही सगळी करामत रात्रीवर आहे."

मी मान डोलावली. रात्र कुठे पळून जाणार होती?

पेटीमुळे आमच्या घराला एक शिस्त लागली. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते, त्यामुळे दिवसभर पोरीच्या आसपास. तिची शाळा सकाळची, घरी येताच ती आतल्या खोलीत. खेळ, जेवण, अभ्यास तिथेच. तिची एक खूण मला पाठ झाली होती. तापायला लागली की ती किरकिर करत नाही, गप्प होते. इतर आया मुलं गप्प बसली की सुटकेचा श्वास टाकतात. माझ्या घरात शांतता झाली की माझा हात सुईवर थांबतो.

आमचं बघून विंगमध्ये एसी वाढले. तसं आमचं बघून म्हणणं खोटं आहे, उकाडा बघून वाढले. पण विचारायला सगळे आमच्याकडेच यायचे, कारण माणूस घरातला आणि भरवशाचा. नवरा रविवारी ड्रिल घेऊन जायचा, ब्रॅकेट ठोकायचा, मशीन टांगायचा, चहा पिऊन यायचा. मला कौतुक वाटायचं. झकास चाललं होतं आमचं. पावसाळाभर पोरीला बर्फ फारसा लागलाच नाही. सकाळी झाकण उघडावं तर पेटी काठोकाठ गच्च. कालचाच बर्फ आजही.

सासरे तरुणपणी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, पण खंडेनवमी त्यांच्या अंगातून गेली नाही. नवमीला हत्यार पूजेला बसवायचं आणि दसऱ्याचा नारळ फुटल्याशिवाय उचलायचं नाही. घरातली विळी, माझं शिलाई मशीन, नवऱ्याचे पाने, सगळं पाटावर मांडलं जायचं. त्या वर्षी त्यांनी पेटीलाही झेंडूचा हार घातला. ओल्या फडक्याने पुसली, टिळा लावला आणि बटण बंद केलं.

"आज हिका चालवची नाय," म्हणाले.

"बाबा, आणि पोरीचं काय?"

"पेटीत बर्फ आसा ना भरलेलो? तो काय खंय पळान जाता? अगो, वरीसभर राबता ती. येक दिवस तिका आराम नको?"

मी नवऱ्याकडे बघितलं. वाटलं, तो वडिलांना समजावेल. तर तो म्हणतो कसा, "आमच्या प्लांटलापण आम्ही नवमीला बंदच ठेवतो. दुसऱ्या दिवशी बर्फावर भागतं. एक रात्र ना? पेटी गच्च आहे." बाप आणि लेक दोघेही माना हलवायला लागले की माझं काय चालणार. आणि खरं सांगू? मलाही त्या हार घातलेल्या पेटीकडे बघून बरं वाटलं. जिने पोरीला जगवलं तिची पूजा नको करायला?

पण ऑक्टोबर होता. पाऊस परतलेला, वारा बंद, डोंगर तापलेला. नवमीच्या दिवशीच पोरीच्या खोलीने पेटीतला बराचसा बर्फ खाल्ला होता, आणि रात्री नवा झाला नाही. दसऱ्याला सकाळी नवरा अंधेरीला प्लांटच्या पूजेला गेला. दुपारपर्यंत येतो, मग घरचा नारळ फोडू, म्हणाला. मी पुरणाच्या नादात होते. जाळीतून येणारा वारा गार आहे की नुसता वारा आहे, हे बघायला मला उशीरच झाला. मी आत गेले तेव्हा तो नुसता वारा होता.

झाकण उघडलं. वेटोळं उघडं पडलं होतं, तांबं चकचकत होतं. बर्फाचा एक पातळ तुकडा पाण्यावर तरंगत होता.

"बाबा, मशीन लावते मी."

ते दारात आले. "नारळ नाय फुटलो अजून. तो येतलोच आता. वायच थांब गो."

मी थांबले नाही. हात हाराखाली घालून बटण दाबलं. काहीच झालं नाही. एसीचं दाबलं. काहीच नाही. तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. विंगची लाईट गेली होती. सणाचा दिवस, सगळे घरी, सगळ्यांचे एसी चालू. केबलने जीव सोडला होता.

पोर गप्प होती.

भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर चित्राची वही, हातात खडू, पण हात हलत नव्हता. गाल लाल आणि कोरडे. मी हाक मारली तर तिने डोळे वळवले, पण माझ्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मी ओरडले असणार, कारण खालच्या मजल्यावरच्या ताई धावत वर आल्या. त्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांच्याकडे दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात जायला निघाल्या होत्या, नवीकोरी पांढरी साडी. एक शब्द न विचारता त्यांनी पोरीचे कपडे काढले आणि मला म्हणाल्या, "चादरी बुडव त्या पेटीत. सगळ्या." मी हार ओरबाडून काढला. पेटीतलं पाणी बर्फ नसला तरी नळाच्या पाण्याहून गार होतं. आम्ही भिजवलेल्या चादरी तिच्याभोवती गुंडाळत होतो, काढत होतो, परत भिजवत होतो. ताई काखेत, मानेला, जांघेत ओला कपडा दाबत होत्या आणि तिच्याशी बोलत होत्या. "बाळा, माझ्याकडे बघ. शाळेचं नाव सांग. बाईंचं नाव सांग." पोर काही सांगत नव्हती.

सासरे दारात उभे होते. पायाशी तुटलेल्या हाराचा झेंडू पसरला होता आणि ते खाली वाकून एकेक फूल गोळा करत होते. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की चादर त्यांच्या अंगावर फेकून मारावीशी वाटली.

मग पोरीने बाईंचं नाव सांगितलं. चुकीचं सांगितलं, मागच्या इयत्तेतल्या बाईंचं. पण सांगितलं. ताईंनी तिला तशीच ओल्या चादरीत उचलली आणि आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. संध्याकाळपर्यंत सलाईन. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. ताईंच्या पांढऱ्या साडीवर झेंडूचे पिवळे डाग पडले होते. ते नंतर निघाले नाहीत, असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीच दोरीवर वाळत घातलेली साडी बघितली.

नवरा धावत दवाखान्यात आला. पोरीचा हात धरून बसला. घरी आल्यावर वडिलांसमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "तुमच्या साच्यांना मेलेलं माणूस दिसत नव्हतं का कधी?" या वाक्याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही, त्यालाही नसेल. पण सासऱ्यांना ते लागायचं तसं लागलं. एक रात्र बंद ठेवायला आपणही हो म्हणालो होतो, हे नवऱ्याला आठवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. दोषाला एक घर सापडलं की बाकीची घरं सुखात राहतात.

त्या रात्री मशीन लावलं. सकाळी वेटोळ्याभोवती जेमतेम पापुद्रा होता. "रिकामी झाली ना एकदा," नवरा म्हणाला. "आता भरायला वेळ लागणार." तेही खापर वडिलांच्याच डोक्यावर. ऑक्टोबर संपेपर्यंत आम्ही पोरीला शाळेतच पाठवलं नाही. मग हवेत गारवा आला, पेटी हळूहळू भरली, आणि आमची खात्री पटली की सगळं त्या एका बंद ठेवलेल्या रात्रीमुळे झालं होतं.

दिवाळी झाली तशी सासऱ्यांनी पिशवी भरली. "काजी बघूक होयी," म्हणाले. काजूचा मोहर यायला अजून वेळ होता, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. पोर त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी चपात्या बांधून दिल्या. थांबा म्हणाले नाही.

पुन्हा होळी आली. आता पोरीला बर्फ रोज लागायला लागला, रोज पेटी रिकामी व्हायला लागली आणि रोज रात्री नव्याने भरायची वेळ आली. सकाळी झाकण उघडलं की बर्फ कमी. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. एके सकाळी तर त्यात हात घातला आणि वेटोळं थेट बोटांना लागलं. नवऱ्याने मशीन उघडलं. गॅस तपासला, बरोबर. जाळी ब्रशने घासली, धुतली. मोटर बदलली. बर्फ काही वाढेना. तो चिडचिडा झाला. रात्री एकदा कोणी झोपेत बटण बंद करतं का, असंही त्याने मला विचारलं. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एका रविवारी भल्या पहाटे, अजून दूधवाला यायचा होता, मी उठले तर तो आतल्या खोलीच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकलेला. मला वाटलं, पडतोय. मी शर्ट धरला.

"हात बाहेर काढ," तो म्हणाला.

मी काढला. हातावर गरम वाफ आली, भाताच्या कुकरची शिट्टी काढल्यावर येते तशी. पहाट होती. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत किंचित गारवा होता, मी आत्ताच तिथून आले होते. आणि डक्टमध्ये मेमधली दुपार होती.

"खाली बघ. वर बघ."

दोन्ही विंगच्या भिंतींवर, एकाखाली एक, एसीची बाहेरची मशीनं. सगळी चालू, सगळी घरघरत होती, सगळी त्याच फटीत आपापल्या घरातली उष्णता ओकत होती. पूर्वी लोक झोपताना थोडा वेळ लावायचे. आता रात्रभर लावतात, कारण रात्रीही झोप येत नाही. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, कुणाला काय बोलणार? ती हवा वर चढते, आणि वर आमचं मशीन. ज्या हवेत त्याने उष्णता टाकायची तीच आधी भरलेली. गच्च भरलेल्या डब्यात कचरा कोंबत बसावं तसं ते रात्रभर कोंबत होतं.

"यातली बहुतेक मीच लावलीयत," तो म्हणाला.

मला त्याचंच जुनं बोलणं आठवलं, सगळी करामत रात्रीवर आहे म्हणाला होता ते. त्यालाही तेच आठवत होतं. मशीन चांगलं होतं, पेटी चांगली होती, गणित बरोबर होतं. त्यातली रात्र तेवढी कुणीतरी काढून घेतली होती, आणि ते कुणीतरी म्हणजे वाईट कुणी नव्हतंच.

"बाबांचं काही चुकलं नव्हतं गं," तो म्हणाला. "ते बंद ठेवलं नसतं तरी ऑक्टोबरात हेच झालं असतं. दोन दिवस पुढेमागे."

मशीन दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर रस्त्याच्या बाजूला सोसायटी काही लावू देत नाही, गच्चीवर मोबाईलचे टॉवर आणि पाण्याच्या टाक्या. तरी त्याने अर्ज-विनंत्या केल्या. सेक्रेटरी म्हणाले, "एकाला दिलं की सगळे मागतील." तेही खरंच होतं.

त्याने गावी फोन लावला. मला वाटलं आता माफी मागेल. तो म्हणाला, "काजी कशी आहेत?" पलीकडून म्हातारा बराच वेळ काजूबद्दल बोलत राहिला. मोहर जळाला म्हणाले, उष्म्याने. "हयसर पण गरम जाता रे आता." शेवटी पोरीचं विचारलं, "चेडू बरा आसा मां?" नवरा "हो" म्हणाला आणि फोन माझ्याकडे देऊन मोरीत जाऊन तोंड धुवायला लागला. मी त्यांना या म्हटलं. "येतंय," म्हणाले. अजून आलेले नाहीत.

आता हे लिहिते आहे तेव्हा एप्रिल संपत आलाय. सकाळी पेटीत जेवढा बर्फ असतो तो दुपारच्या जेवणापर्यंत पुरतो. त्यानंतर लाईट असली तर एसी. नसली तर माझी सुई थांबते आणि मी पोरीच्या आवाजाकडे कान लावून बसते. ती बडबडत असली की मी जिवंत.

गेल्या आठवड्यात खालच्या ताई वर आल्या. चेहरा नुसता फुललेला. हातात पेढे.

"अगं, आम्हीपण एसी घेतला," म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही हं. मला सवय आहे. पण दसऱ्यापासून माझ्या डोक्यातून पोर जात नव्हती. म्हटलं, तुमच्यात काही बिघडलं तर पटकन खाली येऊन बसेल. आमचं मीटर वेगळ्या फेजवर आहे, तुमची गेली तरी आमची कधी कधी असते. आणि भाऊ, तुमच्याच हातून लावायचाय. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

मी पेढा हातात घेऊन उभी राहिले. आमच्या मशीनच्या बरोबर खाली त्यांची खिडकी. मधे दुसरं काही नाही. नवरा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. ज्या बाईने माझी पोर पांढऱ्या साडीत उचलून नेली तिला काय सांगायचं? की ताई, तुमचा चांगुलपणा थोडा दुसरीकडे लावा? तो उठला. "रविवारी लावतो," म्हणाला.

काल रविवार होता. दुपारभर खालून ड्रिलचा आवाज येत होता. पोर त्याच्या हाताशी होती, स्क्रू धरायला. मी फॉल लावत होते आणि टाका सारखा चुकत होता. मग ड्रिल थांबलं, थोड्या वेळाने खालून घरघर सुरू झाली, आणि आमच्या खिडकीचा पडदा आतल्या बाजूला फुगला. मी पडद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

नवरा वर आला, हात धुतले, पेटीजवळ जाऊन बसला. त्याच्या मागून पोर उड्या मारत आली, तोंडाला पेढा लागलेला.

"आई, ताईंचा एसी कसला भारी आहे! मला म्हणाल्या, तुझंच घर हे." ती वाकली, पेटीचं झाकण उचलून आत बघितलं आणि परत टाकलं. "आता आपल्या पेटीत बर्फ नाही झाला तरी चालेल ना?"

नवऱ्याने मान वर केली नाही. मी पोरीला जवळ घेतलं. गाल गार होता.

"हो," मी म्हणाले. "चालेल."